अष्टकोनाचा परिवार

एखाद्या यंत्राचे आयुष्य किती, हा प्रश्न वरवर पाहता अभियंत्याने सोडवावयाचा आहे. लोखंड किती झिजते, लाकूड किती कुजते, वंगण किती टिकते, याचा हिशेब मांडला की उत्तर हाती यावे, असे आपणास वाटते. परंतु व्यवहारातील अनुभव काही निराळेच सांगतो. घरातले जुने घड्याळ कायमचे थांबते, त्या वेळी त्याच्या चाकाचा एक दात झिजलेला असतो एवढेच. खरे कारण असे असते, की तो दात पुन्हा घडवून देणारा घड्याळजी आपल्या पेठेतून केव्हाच नाहीसा झालेला असतो. यंत्र मरण्यापूर्वी त्या यंत्राची विद्या मरते. आणि उलटपक्षी, जेथे ती विद्या कोणी जतन करून ठेवली, तेथे कारखान्याला कुलूप लागल्यावरही त्याने घडविलेले यंत्र चालत राहते. इंग्लंडमधील एमजी या लहानशा स्पोर्ट्स कारच्या मालकांनी एकमेकांना सल्ला देत देत घडविलेला इतिहास हा याच गोष्टीचा दाखला आहे.

या इतिहासाचा आरंभ ऑक्सफर्ड येथे होतो. विद्यापीठाच्या त्या शहरात विल्यम मॉरिस नावाच्या तरुणाने सायकली दुरुस्त करण्यापासून सुरुवात करून पुढे मोटारींचा मोठा उद्योग उभारला. त्याच्या उद्योगाची विक्री आणि दुरुस्ती पाहणारी शाखा म्हणजे मॉरिस गॅरेजेस. १९२१ मध्ये सेसिल किंबर नावाचा गृहस्थ तेथे विक्री-व्यवस्थापक म्हणून आला आणि पुढच्याच वर्षी तो त्या संस्थेचा मुख्य व्यवस्थापक झाला. मोटारसायकलीच्या अपघातात किंबरचा एक पाय तरुणपणीच अधू झाला होता. तथापि वेगाची आणि सौंदर्याची ओढ मात्र कायम राहिली होती. मॉरिसच्या साध्या, संसारी मोटारीचा सांगाडा घ्यावा, तो थोडा बसका करावा, त्यावर देखणे अंग चढवावे आणि इंजिनाला जरा चपळ करावे, असा उद्योग त्याने आरंभिला. या गाड्यांना मॉरिस गॅरेजेसच्या आद्याक्षरांवरून एमजी हे नाव पडले. त्यांचा अष्टकोनी बिल्ला १९२४ मध्ये व्यापारचिन्ह म्हणून नोंदविण्यात आला. तो कोणा नामांकित चित्रकाराने रेखाटलेला नव्हता. संस्थेच्या हिशेबखात्यातील एका कारकुनाच्या हातचे ते काम होते. १९२५ च्या ईस्टरमध्ये लंडन ते लँड्स एंड या खडतर चाचणीत किंबरने स्वतः एक खास बांधलेली गाडी चालवून सुवर्णपदक मिळविले. ती गाडी आज गेडन येथील ब्रिटिश मोटर संग्रहालयात जपलेली आहे.

यानंतर तीन वर्षांनी घडलेली गोष्ट अधिक महत्त्वाची ठरली. १९२८ च्या लंडनमधील ऑलिंपिया प्रदर्शनात एमजीने मिजेट नावाची चिमुकली गाडी मांडली. मिजेट म्हणजे बुटका किंवा ठेंगू. गाडी नावाप्रमाणेच होती. तिचे इंजिन केवळ ८४७ घनसेंटिमीटरचे. अंग पातळ लाकडी फळ्यांचे आणि त्यावर कापड ताणलेले. मागची बाजू होडीच्या नाळेसारखी निमुळती. बसावयास दोनच जागा. किंमत होती १७५ पौंड. त्या काळी स्पोर्ट्स कार ही जहागीरदारांची आणि गिरणीमालकांच्या मुलांची चैन समजली जात असे. ही गाडी मात्र बँकेतील कारकून, तरुण शिक्षक, नुकताच व्यवसाय मांडलेला वैद्य अशांना विचार करता येण्याजोगी होती. आणि नेमक्या याच कारणामुळे तिच्या मालकांना एकमेकांची गरज पडली. श्रीमंताच्या पदरी शोफर असतो, शोफरच्या हाताखाली मिस्त्री असतो. कारकुनाच्या गाडीचा शोफर आणि मिस्त्री कारकून स्वतःच असतो. शनिवारी दुपारी कचेरी सुटली, की जुना सदरा चढवून तो बॉनेट उघडतो आणि आत पाहून बुचकळ्यात पडतो.

मिजेटमध्ये बुचकळ्यात पडण्यासारखे पुष्कळ होते. एकच गोष्ट उदाहरणादाखल घेण्यासारखी आहे. या इंजिनाची झडपा उघडणारी दांडी इंजिनाच्या माथ्यावर बसविलेली होती आणि तिला खालून फिरविण्यासाठी जी उभी योजना केली होती, तिच्यात वीज निर्माण करणारा डायनामोच मधला दुवा म्हणून उभा केला होता. युक्ती मोठी नामी होती, कारण जागा वाचली आणि एका कामात दुसरे काम साधले. परंतु माथ्यावरचे तेल गुरुत्वाकर्षणाच्या नियमाने खाली उतरते आणि खाली तर डायनामो उभा असतो. तेल त्याच्या गुंडाळ्यांत शिरले, की दिवे मंदावत आणि अंधाऱ्या रस्त्यावर मालकाची तारांबळ उडे. या दुखण्याची लक्षणे कोणती, तेल पाझरू लागले हे आधी कसे ओळखावे, ते अडवावे कसे, डायनामो उतरवून पुन्हा बसविताना दात्यांची जुळणी कशी न बिघडू द्यावी, हे सारे छापील पुस्तिकेत सविस्तर मिळणे शक्य नव्हते. ज्याने एकदा हात काळे केले होते, त्यालाच ते ठाऊक असे.

अशा परिस्थितीत १९३० साली एका मिजेट-मालकाने मोटारविषयक साप्ताहिकात एक पत्र प्रसिद्ध केले. आपल्यासारख्या मालकांनी एकत्र येऊन मंडळ स्थापावे, अशी त्याची सूचना होती. पत्राला उत्तरे आली, आणि त्या वर्षीच्या ऑक्टोबरात हर्टफर्डशायर परगण्यातील एका रस्त्याकाठच्या खाणावळीत पहिली सभा भरली. एमजी कार क्लबचा जन्म तेथला. त्याचे चिटणीसपद जॉन थॉर्नली या एकवीस वर्षांच्या तरुणाकडे आले. तो लंडनमध्ये हिशेबनिसाचे शिक्षण घेत होता आणि अर्थातच एका मिजेटचा मालक होता. पुढच्याच वर्षी, १९३१ मध्ये, हिशेबाच्या वह्या मिटून तो एमजीच्या नोकरीत शिरला. कारखाना तोवर ऑक्सफर्डजवळच्या ॲबिंग्डन या गावी, चामड्याच्या एका जुन्या कारखान्याच्या जागेत, स्थिरावला होता. थॉर्नलीकडे गाड्यांच्या देखभालीच्या खात्यातील काम आले आणि त्याच्या जोडीला क्लबचा व्यवहारही राहिला.

प्रशासनाचा ज्यांना अनुभव आहे, त्यांना या योगायोगाचे मोल सहज कळेल. सर्वसाधारणपणे तक्रारीचे पत्र एका खात्यात येते, त्याचा निकाल दुसऱ्या खात्यात लागतो, आणि ज्याच्यामुळे तक्रार उद्भवली तो तिसऱ्याच खात्यात निर्धास्त असतो. येथे गाडीचे दुखणे ऐकणारा आणि मालकांचे मंडळ सांभाळणारा मनुष्य एकच होता. एका मालकाने शोधून काढलेला उपाय दुसऱ्याच्या कानी जाण्यास त्यामुळे सरळ वाट मिळाली. थॉर्नली पुढे १९५२ मध्ये कारखान्याचा मुख्य व्यवस्थापक झाला आणि १९६९ पर्यंत त्या पदावर राहिला. एमजीच्या इतिहासावर त्याने लिहिलेला ग्रंथ १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. अस्सल जातीची निपज टिकविणे, असा त्याच्या नावाचा आशय आहे. हे शब्द घोड्यांच्या पैदाशीतले आहेत. परंतु मालकांच्या त्या मंडळाच्या कार्यालाही ते नेमके लागू पडतात.

क्लबमध्ये विद्येची देवघेव चाले ती प्रामुख्याने दोन प्रकारांनी. एक प्रत्यक्ष भेटीगाठींचा. रविवारी चिखलाच्या टेकड्यांवर गाड्या चढविण्याच्या चाचण्या होत, ब्रुकलंड्सच्या धावपट्टीवर शर्यती होत, आणि दिवसाच्या अखेरीस सारे जण एखाद्या आवारात गाड्या उभ्या करून परस्परांची बॉनेटे उघडून पाहत. दुसरा प्रकार लेखी वार्तेचा. पुढे १९५९ मध्ये कारखान्याने एक मासिक काढले आणि त्याला एमजीच्या जुन्या घोषवाक्याचेच, म्हणजे सुरक्षित वेगाचे, नाव दिले. शर्यतीच्या वृत्तान्ताशेजारी झडपांच्या फटीविषयी मजकूर आणि वर्णनाशेजारी सूचना, असा तो संसार होता. उत्साह आणि उपयोग यांची ही सांगड त्या मंडळाच्या दीर्घायुष्याचे एक कारण असावी. नुसत्या उत्साहाचे मंडळ वर्षा-दोन वर्षांत मावळते. नुसत्या उपयोगाच्या मंडळाला दुकानाची कळा येते.

उत्साहाला त्या दशकात खाद्यही भरपूर होते. जॉर्ज आयस्टनने १९३१ च्या आरंभी फ्रान्समधील माँलेरी येथे ७५० घनसेंटिमीटरच्या आतील एमजी गाडी ताशी १०० मैलांच्या पलीकडे नेली. त्या वर्गात असे पूर्वी कोणी केले नव्हते. १९३३ मध्ये इटलीतील मिल्ले मिलिया शर्यतीत एमजीच्या संघाने सांघिक पारितोषिक मिळविले आणि त्याच वर्षी उत्तर आयर्लंडमधील टूरिस्ट ट्रॉफीत ताझिओ नुवोलारी हा विख्यात इटालियन सारथी एमजीतूनच जिंकला. परंतु १९३५ मध्ये मॉरिसने ही कंपनी आपल्या मुख्य उद्योगात विलीन केली, शर्यतींचे खाते बंद झाले आणि किंबरचे स्वातंत्र्य संपले. महायुद्ध सुरू झाल्यावर युद्धकामाच्या प्रश्नावरून वरिष्ठांशी त्याचे बिनसले व १९४१ मध्ये त्याला कंपनी सोडावी लागली. ४ फेब्रुवारी १९४५ रोजी लंडनच्या किंग्ज क्रॉस स्थानकालगतच्या बोगद्यात झालेल्या रेल्वे अपघातात त्याचा अंत झाला. वेगवान गाड्यांत आयुष्य घालविलेल्या या माणसास मृत्यू गाठतो तो हळूहळू मागे घसरणाऱ्या एका आगगाडीत. आपल्या गाड्या पुढे किती दूरवर जाणार आहेत, हे त्याला पाहावयास मिळाले नाही.

युद्ध संपले त्याच वर्षी ॲबिंग्डनहून टीसी नावाची गाडी बाहेर पडू लागली. खरे पाहता ती युद्धापूर्वीच्याच नमुन्याची होती. अंगाचा सांगाडा अ‍ॅश वृक्षाच्या लाकडाचा, चाके उंच आणि तारांची, इंजिन १,२५० घनसेंटिमीटरचे, सुकाणू फक्त उजव्या हाताला. या गाडीच्या क्रमांकांविषयी एक मौजेची गोष्ट आहे. पहिल्या टीसीचा सांगाडा-क्रमांक एक नसून २५१ होता. कारण कारखान्याचा दूरध्वनी क्रमांक ॲबिंग्डन २५१ हा होता आणि तेथूनच मोजणी सुरू करण्याचा एमजीचा प्रघात होता. १९४५ ते १९४९ या काळात १०,००० टीसी तयार झाल्या. ब्रिटनची तिजोरी तेव्हा रिकामी होती आणि जो कारखाना परदेशी माल धाडील, त्यालाच पोलाद मिळेल असे सरकारी धोरण होते. त्यामुळे या गाड्यांपैकी सुमारे दोन-तृतीयांश परदेशी गेल्या. त्यांतील सुमारे दोन हजार अमेरिकेत पोहोचल्या.

संख्या अल्प होती. परिणाम मात्र मोठा झाला. अमेरिकेतील गाड्या त्या काळी प्रशस्त, मऊ आणि जडशीळ असत. तेथील तरुणांना ही कोपऱ्यावर चपळपणे वळणारी, वारा अंगावर घेणारी गाडी म्हणजे नवी सृष्टीच वाटली. पुढे जगज्जेता झालेला फिल हिल आणि नामांकित गाड्यांचा कर्ता म्हणून गाजलेला कॅरल शेल्बी, या दोघांच्याही शर्यतींतील उमेदवारीत टीसी आहे. परंतु ज्या शेकडो मालकांना शर्यतीत उतरावयाचे नव्हते, त्यांच्यापुढे साधीच अडचण उभी राहिली. गाडी आली होती, गाडी जाणणारा मिस्त्री आला नव्हता.

अडचण केवढी होती, हे टीसीच्या इंजिनातील एका बोल्टवरून ध्यानात येईल. त्याच्या षट्कोनी डोक्याला इंग्लंडातील व्हिटवर्थ मापाचा पाना लागतो. अमेरिकन मिस्त्रीच्या पेटीतील एकही पाना त्यावर नीट बसत नाही. म्हणून त्याने व्हिटवर्थ पाने मागवून बोल्ट काढला आणि हरवलेल्या बोल्टाच्या जागी व्हिटवर्थ आट्यांचा नवा बोल्ट बसवावयास घेतला, तर तोही जात नाही. बळ केले तर इंजिनातील आटे उखडून येतात. कारण डोके इंग्रजी मापाचे असले तरी आटे मेट्रिक मापाचे आहेत. असे का व्हावे? याचे उत्तर पहिल्या महायुद्धात सापडते. हॉचकिस ही शस्त्रास्त्रांची फ्रेंच कंपनी त्या युद्धकाळात आपली यंत्रे घेऊन इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे आली. युद्धानंतर तिने मॉरिससाठी इंजिने बनविली आणि १९२३ मध्ये मॉरिसने तो कारखानाच विकत घेतला. फ्रेंच यंत्रे फ्रेंच मापाचेच आटे पाडीत राहिली, आणि इंग्रज मिस्त्र्यांची गैरसोय होऊ नये म्हणून डोकी तेवढी त्यांच्या पान्यांना बसतील अशी केली गेली. अशा रीतीने पॅरिसहून निघालेले माप कोव्हेंट्रीमार्गे कॅलिफोर्नियातील एका गॅरेजात जाऊन तेथील मालकाला कोड्यात पाडीत होते. हे कोडे सुटण्यास इतिहास ठाऊक असावा लागतो, किंवा ज्याने तो ऐकला आहे असा मित्र असावा लागतो. मालकांच्या मंडळाने तो मित्र पुरविला.

चाकांची गोष्टही अशीच. टीसीचे तारांचे चाक मध्यभागी एकाच मोठ्या, दोन कानांच्या नटाने आवळलेले असते. तांब्याच्या किंवा शिशाच्या हातोडीने त्या कानावर ठोके देऊन तो सोडवावयाचा. गाडीच्या एका बाजूच्या नटांचे आटे उजवे, तर दुसऱ्या बाजूचे डावे. म्हणजे चालत्या गाडीत ते सैल न होता आवळले जावेत. हे नट अजाणतेपणी उलटसुलट बसले, तर भरवेगात चाक निखळण्याचा धोका. आतील खाचांना ग्रीस लावावयास विसरले, तर त्या खाचा पाहता पाहता झिजतात. आणि तार ढिली झाली आहे किंवा नाही, हे ओळखावयाची रीत म्हणजे पान्याने प्रत्येक तारेला हलकेच टिचकी मारून नाद ऐकणे; ताणलेली तार खणखणते, ढिली तार बद्द बोलते. सतार जुळविणाऱ्याला ही रीत निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

दोन कार्बुरेटर जुळविण्याची विद्या तर याहूनही नाजूक. रबरी नळीचे एक टोक कानाशी आणि दुसरे टोक आळीपाळीने एकेका कार्बुरेटरच्या तोंडाशी धरावयाचे; दोन्हींकडून हवेचा सूत्कार सारखाच ऐकू येईपर्यंत स्क्रू फिरवावयाचे. मग आतील पिस्टन एक मिलिमीटरहूनही कमी उचलून इंजिनाचा आवाज ऐकावयाचा. इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोलचे प्रमाण अधिक आहे. इंजिन गुदमरले, तर ते कमी आहे. क्षणभर वाढून पूर्ववत झाला, तर जुळणी साधली. हे कागदावर चार ओळींत मावते. परंतु गुदमरणे कोणते आणि क्षणभर म्हणजे किती, हे शेजारी उभ्या असलेल्या जाणकाराने एकदा ऐकवून दिल्यावाचून कळत नाही. अमेरिकेत ठिकठिकाणी एमजी-मालकांची मंडळे निघाली, १९६० च्या दशकात न्यू इंग्लंडमध्ये टी-मालिकेच्या गाड्यांचे खास मंडळ उभे राहिले, ते याच गरजेतून. अल मॉस नावाचा एक टीसीचा मालक १९४८ मध्ये लॉस एंजेलिस येथे अशा गाड्या दुरुस्त करू लागला. पुढे त्या दुकानाचा सुट्या भागांचा मोठा व्यापार झाला.

येथे आपल्या देशाचाही एक धागा या वस्त्रात विणलेला दिसतो. १९५५ मध्ये एमजीए ही गाडी आली. तिचे १,४८९ घनसेंटिमीटरचे इंजिन बी-मालिकेचे होते. याच मालिकेतील, याच मापाचे इंजिन पुढे कोलकात्याजवळच्या उत्तरपाडा येथे तयार होणाऱ्या अँबॅसडर गाडीत अनेक वर्षे बसविले जात होते. कारण अँबॅसडर ही मूळची मॉरिस ऑक्सफर्ड. एमजीएला दोन कार्बुरेटर आणि अधिक चपळाई, अँबॅसडरला कुटुंबाचा आणि सरकारचा भार; परंतु दोन्ही इंजिने सख्ख्या भावंडांसारखी. इंदूर, नागपूर, हैदराबाद, पाटणा येथील ज्या मिस्त्र्यांनी झाडाखाली बसून अँबॅसडरचे टॅपेट जुळविले, त्यांना एमजीएचे बॉनेट उघडून दिले असते, तर आतील बहुतेक मंडळी त्यांनी नावानिशी ओळखली असती. फरक एवढाच, की आपल्या मिस्त्र्यांची विद्या उस्तादाकडून शागिर्दाकडे तोंडी गेली. अँबॅसडरचे उत्पादन २०१४ मध्ये थांबले. त्या विद्येची नोंद कोणत्या वहीत झाली, असे विचारले तर उत्तर देणे कठीण आहे.

संगीताच्या क्षेत्रात आपणाकडे हा प्रश्न पूर्वीच उभा राहिला होता. घराण्याची चीज घराण्याबाहेर जाऊ नये, या दक्षतेपायी कित्येक चिजा गायकाबरोबरच लोपल्या. पंडित विष्णु नारायण भातखंडे यांनी गावोगाव हिंडून त्या मिळविल्या, स्वरलिपीत बांधल्या आणि छापून सर्वांच्या हाती दिल्या. एमजीच्या मालकांनी आपल्या लहानशा क्षेत्रात हेच केले. एखाद्या कसबी मालकास सापडलेली युक्ती त्याने गुप्त ठेवली असती, तर त्याला चार पैसे मिळाले असते. मंडळात ती सांगून टाकण्याची रीत पडल्यामुळे ती सर्वांची झाली.

या रीतीची खरी कसोटी पुढे लागली. १९६२ मध्ये आलेली एमजीबी ही या घराण्यातील सर्वांत लोकप्रिय गाडी. १९८० पर्यंत ती पाच लाखांहून अधिक तयार झाली. तिला निराळा सांगाडा नव्हता. पत्र्याचे अंगच सारा भार पेलीत असे. त्यामुळे दाराखालील पोकळ पट्ट्यांत गंज धरला, की गाडीचा कणाच खचे. चाकामागे साचणारी माती वेळच्या वेळी काढावी. पाणी निघून जाण्याची छिद्रे मोकळी ठेवावी. जुनी गाडी घेताना ती जॅकवर उचलून दार उघडझाप करून पाहावे, दार अडकले तर वरचा रंग कितीही चकाकत असला तरी सौदा मोडावा, असे सल्ले या काळात हजारो मालकांच्या तोंडी झाले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस नव्या मालक-कंपनीने क्लबला दिलेला आधार काढून घेतला आणि क्लबला स्वतःच्या वर्गणीवर उभे राहावे लागले. १९७३ मध्ये एमजी ओनर्स क्लब नावाचे दुसरे मंडळ निघाले. रोजच्या वापरातील एमजीबीचे मालक त्यात मोठ्या संख्येने गेले.

सप्टेंबर १९७९ मध्ये ॲबिंग्डन गावाने कारखान्याच्या पन्नासाव्या वर्षाचा उत्सव केला. बँड वाजले, पताका लागल्या. उत्सव संपल्यानंतरच्या सोमवारी, १० सप्टेंबर रोजी, ब्रिटिश लेलँड कंपनीने ॲबिंग्डन येथील गाड्यांचे उत्पादन बंद करण्याचा निर्णय जाहीर केला. पौंड महागल्यामुळे अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक गाडीमागे तोटा येतो, असे कंपनीचे म्हणणे होते. मालकांनी लंडनच्या रस्त्यांवरून गाड्या नेऊन निषेध नोंदविला. कारखाना विकत घेण्याचेही प्रयत्न झाले. त्यांपैकी कशालाच यश आले नाही. ऑक्टोबर १९८० मध्ये शेवटची एमजीबी बाहेर पडली आणि दरवाजे मिटले. कामगारांच्या वाट्याला बेकारी आली. पिढ्यान्‌पिढ्या एकाच आवारात काम केलेली कुटुंबे पांगली. मालक-मंडळाच्या कथेत या दुःखाला गौण स्थान देणे अन्यायाचे होईल. कारण मालकांनी नंतर जे वाचविले ते मुळात या हातांनी घडविले होते, आणि त्या हातांचे काम मात्र कोणालाही वाचविता आले नाही.

गाड्यांचे भवितव्य काय? प्रथेप्रमाणे त्या दहा-पंधरा वर्षांत भंगारात जावयास हव्या होत्या. घडले ते वेगळेच. जुन्या गाड्यांच्या मालकांची सोय पाहण्यासाठी कंपनीने १९७५ मध्ये ब्रिटिश मोटर हेरिटेज नावाची शाखा काढलेली होती. तिच्या माणसांनी ठिकठिकाणी गंजत पडलेले मूळ साचे शोधून काढले, दुरुस्त केले, आणि १९८८ मध्ये ऑक्सफर्डशायरमधील फॅरिंग्डन येथे एमजीबीचे कोरे करकरीत अंग पुन्हा तयार होऊ लागले. बंद पडलेल्या गाडीचे संपूर्ण नवे शरीर विकत मिळते, ही मोटारींच्या जगात अपूर्व घटना होती. याच अंगाच्या आधारे १९९२ मध्ये आरव्हीएट ही नवी एमजी सादर झाली. ग्राहक कारखान्याच्या मागे चालतो, हा नेहमीचा क्रम. येथे ग्राहकांच्या निष्ठेने कारखान्याला मागे वळून पाहावयास लावले.

वाचविण्यात आणखी एक गोष्ट होती, आणि इतिहासाच्या दृष्टीने तीच अधिक मोलाची. ती म्हणजे दप्तर. कोणता सांगाडा-क्रमांक, त्यात कोणते इंजिन, गाडी कोणत्या रंगाची, कोणत्या देशी रवाना झाली, या नोंदी कारखान्याला निरुपयोगी झाल्या तरी मालकाला त्या जन्मपत्रिकेसारख्या असतात. क्लबने जुन्या गाड्यांच्या नोंदी सांभाळल्या, गाड्यांच्या मालिकांनुसार स्वतंत्र नोंदवह्या चालविल्या, आणि ॲबिंग्डन येथे जुन्या कारखान्यालगतच्या आपल्या कार्यालयाला किंबर हाउस हे नाव दिले. १९५५ नंतरच्या गाड्यांची उत्पादन-दप्तरे गेडनच्या संग्रहालयात सुरक्षित आहेत. कंपनीने ज्याला काढून टाकले, त्याचे नाव मालकांनी दारावर कोरले, यात इतिहासाचा थोडा न्याय दिसतो.

या परिवारात भांडणे नाहीत असे मात्र नाही. प्रत्येक स्क्रू मूळचाच असावा असा आग्रह धरणारा एक पक्ष आहे. तर पाच गतींचा गिअरबॉक्स, आधुनिक तेलरोधक, विजेरी प्रज्वलन बसवून गाडी रोज चालवावी असे म्हणणारा दुसरा. पहिल्याला दुसरा धर्मबुडवा वाटतो, दुसऱ्याला पहिला पुजारी. शिवाय किंमतींनी या वस्तूचे स्वरूप पालटले आहे. जी गाडी कारकुनाला परवडावी म्हणून जन्माला आली, तिच्या जुन्या नगांना आज रसिक धनिक मोठी किंमत मोजतात आणि पुष्कळदा हात न लावता झाकून ठेवतात. जाणत्या मालकांचे केसही पांढरे झाले आहेत. तारेचा नाद ओळखणारा कान पुढच्या पिढीकडे जातो की नाही, ही काळजी प्रत्येक सभेत डोकावते.

बिल्ला स्वतः दूरवर फिरून आला आहे. २००५ मध्ये तो चिनी उद्योगाकडे गेला. २०१९ पासून गुजरातमधील हालोल येथे त्याच अष्टकोनाच्या गाड्या तयार होऊ लागल्या. आणि नाव शंभरीत पोहोचले त्या २०२४ या वर्षी इंग्लंडच्या बाजारात विजेवर चालणारी, दोन जागांची नवी एमजी विक्रीस आली. तिला कार्बुरेटर नाही, टॅपेट नाहीत, रबरी नळी कानाशी धरून ऐकावे असा सूत्कारही नाही. तिची दुखणी संगणकाच्या आज्ञावलीत दडलेली असतील आणि त्या आज्ञावलीची किल्ली कंपनीच्या हाती असेल. अशा गाडीचे मालक चाळीस वर्षांनी एकमेकांना काय सांगू शकतील, हा प्रश्न केवळ मोटारींपुरता नाही. घरातील प्रत्येक यंत्र जेव्हा उघडता न येणारी डबी बनते, तेव्हा शेजाऱ्याला शेजाऱ्याची गरज उरत नाही; उरते ती फक्त दुकानाची.

१९३० मधील त्या खाणावळीत जमलेल्या मंडळींपाशी धन नव्हते, अधिकार नव्हता, आणि त्यांच्या गाड्यांच्या डायनामोत तेल गळत होते. परंतु आपल्याला जे कळले ते दुसऱ्याला सांगावे आणि दुसऱ्याला कळले ते विचारावयास लाजू नये, एवढा साधा नियम त्यांनी पाळला. त्या नियमाच्या बळावर एका लहान गावातील कारखान्याचे काम त्या कारखान्यापेक्षा अधिक काळ टिकले. ज्या समाजात विचारणारे आणि सांगणारे शिल्लक आहेत, तेथे जुनी वस्तू सहसा भंगार होत नाही.